पांगाऱ्याची ढोली

ठाण्याला हवापालटासाठी कोणी जात नाही. चोपन्न सालच्या फेब्रुवारीत मी गेले.

विषमज्वरातून उठून मला दोन महिने झाले होते. साताऱ्यातल्या मुलींच्या शाळेत मी निसर्गविज्ञान शिकवते. पण उठल्यापासून वर्गात पंधरा मिनिटं उभी राहिले की खडू हातातून गळायचा. शाळेने रजा वाढवून दिली. डॉक्टर म्हणाले, जागा बदला. पाचगणी हाकेच्या अंतरावर, पण तिथल्या थंडीला माझी छाती भ्यायची. तेवढ्यात ठाण्याहून मावसभावाचं, वसंताचं, पत्र आलं. तो कचेरीत कारकून, आणि घराजवळच्या एका सार्वजनिक बागेच्या समितीचा चिटणीस. समितीने ठरवलं होतं की बागेतल्या प्रत्येक झाडावर नावाची पत्र्याची पाटी लावायची आणि बागेत काय काय उगवतं, कोणते पक्षी येतात याची एक यादी करून फाटकापाशी टांगायची. ‘आक्का, तुझ्याशिवाय हे काम कोण करणार? बसून करायचं काम आहे,’ असं त्याने लिहिलं होतं.

बसून करायचं काम नव्हतं, हे पहिल्याच सकाळी कळलं.

ठाणे

आमच्याकडे फेब्रुवारीत पहाटे अजून शाल लागते. ठाण्याला सकाळी आठलाच मानेवर घाम होता. वाऱ्याला खाडीचा खारट वास. वसंताची बायको कमल म्हणाली, “आक्का, इथे पापड वाळत घालायचे तर दुपारीच, नाहीतर मऊ पडतात.” मला वाटलं, माझंही तसंच होणार.

बाग लहानशी, चौकोनी. तीन बाजूंना रस्ता, चौथ्या बाजूला घरांची रांग. मधोमध हिरवळ, तिच्याभोवती कातरलेली मेंदी, कर्दळीचे वाफे, रंगीत पानांच्या क्रोटनच्या कुंड्या, दोन गुलमोहर, चार अशोक आणि एक मोठा पर्जन्यवृक्ष. एका कोपऱ्यात मुलांचे झोके. झोक्यांच्या मागे पाण्याच्या पंपाची खोली, आणि खोलीच्या पलीकडे कोणीच न पाहिलेला एक तुकडा. तिथे रुई, तरवड, वाघाटीचं काटेरी जाळं, भेंडाचं वाकडं झाड आणि त्यावर चढलेली गुळवेल. या तुकड्याच्या आणि झोक्यांच्या बरोबर मध्ये एक जुना पांगारा उभा होता. एक पान नाही, नुसत्या काटेरी राखाडी फांद्या. पांगारा या दिवसांत असाच उघडा असतो. फुलला की लाल होतो. त्याला अजून तीनेक आठवडे होते.

बागेचा माळी हिराजी. साठीचा, काळा, सडपातळ, कमरेला रुमाल गुंडाळलेला. मूळचा डोंबिवलीजवळच्या कोपर गावचा आगरी. उमेदीची वर्षं मिठागरावर काढलेली. मिठागर बंद झालं तेव्हापासून बागेत. पंपाच्या खोलीतच राहायचा आणि सोमवारी गावी जायचा.

मी वही उघडून पहिल्या अशोकासमोर उभी राहिले. हिराजी मागे येऊन थांबला.

“बाय, झाराला नाव कशाला लावताव? त्याला ठावं हाय त्याचा नाव.”

“झाडासाठी नाही, माणसांसाठी.”

“मानसा बगतान का झाराकरं?” तो म्हणाला, आणि पाणी सोडायला गेला.

पहिले दोन दिवस मी हिरवळीच्या बाजूने मोजत गेले. झाडं पुष्कळ, पण सगळी आणलेली. कुणी मुंबईच्या रोपवाटिकेतून, कुणी पुण्याहून. पक्षी म्हणजे कावळे, चिमण्या, साळुंक्या, पर्जन्यवृक्षावर एक घार. फुलपाखरं कर्दळीवरून भिरभिरत निघून जायची; बसत नव्हती. मेंदी दर पंधरवड्याला कातरली जाते, म्हणजे तिला फूल येत नाही, फळ येत नाही. पडलेलं पान सकाळी झाडून जाळलं जातं, म्हणजे पानाखाली किडा नाही, आणि किडा नाही तर त्याला खाणारं पाखरू नाही. हे सगळं मी वर्गात दहा वर्षं शिकवलं आहे. एका चौकोनात डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. बागेत एवढी हिरवाई, आणि तिच्यात राहणारं जवळजवळ कोणीच नाही.

दमून तिसऱ्या दिवशी मी पंपाच्या खोलीच्या सावलीत जाऊन बसले. उठवेना, म्हणून तिथूनच पाहत राहिले. आणि वहीची पानं भरायला लागली. रुईच्या पानांवर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या. वाघाटीत शिंपी पक्ष्याची जोडी, गवतात मुनिया, भेंडाच्या फुलात सूर्यपक्षी. एक मुंगूस येऊन माझ्याकडे बघून गेलं. एवढ्याशा उकिरड्यासारख्या जागेत उरलेल्या सबंध बागेपेक्षा जास्त जीव होते.

“ही जागा कुणी लावली?” मी हिराजीला विचारलं.

“कुनी नाय. आपसूक आली. हितं पयली खारीची, खाजणाची जमीन होती ना, तवाचा बी असंल मातीन. मी फक्त तोरत नाय.” मग जरा हळू आवाजात, “समितीला सांगू नका. त्यांना वाटतंय माझ्यानं होत नाय म्हनून ऱ्हायलंय.”

त्यानेच मला पांगारा दाखवला. खोड माणसाच्या मिठीत मावणार नाही एवढं, आणि आतून पोकळ. अंगावर गोल गोल भोकं. सगळ्यात वरच्या भोकातून तांबट डोकं काढून टुक टुक करत होता. मधल्या एका फटीत साळुंक्यांची ये-जा. आणि खालची मोठी ढोली, पुरुषभर उंचीवर, तिच्या तोंडाशी ऊन खात दोन पिंगळे बसले होते. पांढऱ्या भुवयांचे, पिवळ्या डोळ्यांचे, मुठीएवढे. मी जवळ गेले तसे दोघेही मान वर-खाली करून मला तपासायला लागले. आजारातून उठल्यापासून मी पहिल्यांदा हसले असेन.

त्याच संध्याकाळी रावसाहेबांची ओळख झाली. निवृत्त शिरस्तेदार, समितीतले वजनदार सभासद. घर बागेला लागूनच, पांगाऱ्याच्या समोर. पांढरा कोट, टोपी, हातात काठी. बोलणं अतिशय मृदू.

“बाई, आपण शास्त्र शिकलेल्या. एक विचारू? हे झाड मेलंय का?”

“नाही हो. पांगारा आहे. थोड्या दिवसांत फुलेल.”

“पण आतून पोकळ आहे, असं ऐकतो.”

“पोकळ आहे,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. थोडा वेळ काठीने मातीत रेघा ओढत राहिले. मग म्हणाले, “आमची मंडळी सहा महिने अंथरुणाला खिळून आहे. खिडकी अगदी समोर. ते पाखरू तिन्हीसांजेला ओरडायला लागतं. आपल्याला ठाऊक आहेच, पिंगळा कशासाठी ओरडतो असं म्हणतात ते. मी मानत नाही. पण ती ऐकत पडलेली असते, आणि मला तिच्याकडे बघवत नाही.”

आमच्याकडेही पिंगळ्याची बोली लोक ऐकतात, शकुन-अपशकुन काढतात. मी म्हटलं, “रावसाहेब, तो उंदीर आणि किडे खातो. घराला चांगला शेजारी आहे.”

“असेल, असेल,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी सावध झाले असते.

शनिवारी मी कच्ची यादी वसंताच्या हातात दिली. पांगाऱ्यासमोर लिहिलं होतं: ‘वृक्ष जुना, खोड आतून पोकळ असून त्यास ढोल्या आहेत, ढोल्यांत पिंगळ्याची जोडी, तांबट व साळुंक्या राहतात, बागेतील सर्वांत महत्त्वाचा वृक्ष.’ हे वाक्य मी मुद्दाम इथे उतरवते आहे.

कल्याण

वसंताचं म्हणणं पडलं की आसपासच्या बागाही बघून यावं, म्हणजे तुलना करता येईल. रविवारी मी कल्याणला गेले.

तळ्याच्या काठाची एक बाग पाहायची होती. टांगेवाल्याने स्टेशनावर ‘पाच मिनिटं’ सांगितलं आणि घोड्याला मात्र ते मान्य नव्हतं. कल्याणात माणूस फार झालं आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित जवळच्या छावण्यांत राहतात, त्यांची दुकानं, हातगाड्या, पापडांच्या चवडी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. तळ्याकाठी पोचले तर बागेतल्या झाडांना जमिनीपासून हात पोचेल तिथपर्यंत एकही फांदी नव्हती. सगळी झाडं छत्रीसारखी, वरती थोडा झुबका. फक्त एक बोर आणि दोन बाभळी खालपर्यंत भरलेल्या होत्या. काट्यांनी वाचवल्या.

बाकावर एक वयस्क गृहस्थ बसले होते. जाड भिंगांचा चष्मा, धुवट पायजमा. मी वही काढलेली पाहून त्यांनी विचारलं, “बहनजी, उस पंछी को आपके यहाँ क्या कहते हैं?”

बाभळीखाली तुरेवाला पक्षी लांब चोचीने जमीन उकरत होता. “हुदहुद,” मी म्हटलं.

ते एकदम उठून उभे राहिले. “वही! हम भी हुदहुद ही कहते हैं।” ते सिंधमधले शाळामास्तर निघाले. रोज सकाळी केवळ या पक्ष्यासाठी इथे येऊन बसतात, म्हणाले. इथल्या कशालाच त्यांना ओळखीचं नाव नव्हतं. एवढं एक सापडलं.

मी छाटलेल्या फांद्यांकडे बघितलं. माझं बघणं त्यांनी ओळखलं असावं.

“चूल्हा रुकता नहीं, बहनजी,” ते म्हणाले. “मैंने भी काटी है एक बार।”

मी वही मिटली. आम्ही दोघं हुदहुद उडून जाईपर्यंत बसलो. माझ्या वहीत कल्याणच्या पानावर पक्ष्यांची मोजकीच नावं आहेत, आणि त्यातली बहुतेक त्या तीन काटेरी झाडांवरची.

डोंबिवली आणि कोपर

त्या रात्री डोंबिवलीला कमलच्या बहिणीकडे मुक्काम. डोंबिवली अजून भातशेतांच्या मध्ये वसलेलं गाव आहे, पण चाळी भराभर उभ्या राहताहेत. नोकरदार मंडळी, सकाळी सगळे पुरुष मुंबईला, दुपारी गाव बायकांचं. आमच्या साताऱ्यात दुपारी पेठेत पुरुष पानाच्या दुकानाशी उभे दिसतात, त्याची इथे आठवण होऊन चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

सोमवारी सकाळी तिथल्या एका नव्या वसाहतीची बाग पाहिली. व्यवस्था बघणारे गृहस्थ मोठ्या अभिमानाने म्हणाले, “बाई, दाखवा एक तरी पान खाली पडलेलं.” खरंच नव्हतं. हिरवळ गालिच्यासारखी, कुंपण पट्टीने आखल्यासारखं. मी अर्धा तास बसले. दोन कावळे आले, एक चिमणी आली, नळाचं पाणी पिऊन गेली. अर्ध्या तासाने उठले तेव्हा कळलं, बाकाला आदल्याच दिवशी हिरवा रंग दिला होता. माझ्या पातळाच्या पाठीमागे तीन पट्टे. गृहस्थ इतके ओशाळले की मलाच त्यांची समजूत घालावी लागली. त्या बागेतून मी नेलेला एकमेव हिरवा नमुना तो.

सोमवार म्हणजे हिराजीच्या सुट्टीचा दिवस. ‘गावाला या’ असं त्याने सांगितलं होतं. तो घ्यायला स्टेशनवर आला. माझं पातळ बघून त्याने तोंड फिरवलं, खांदे मात्र हलत होते.

कोपरला आम्ही बांधावरून चालत गेलो. भात निघालेलं, त्याच ओलीवर वाल पेरलेला आणि शेंगांनी लगडलेला. बांधाबांधावर भेंड, करंज, कुंपणाला पांगाऱ्याच्या फांद्या रोवून जगवलेल्या. पलीकडे खाडी. वेडे राघू तारेवर, खंड्या, बगळे, कोतवाल, नीलपंख. मी लिहून दमले आणि मग लिहिणं सोडून दिलं. तीन बागांत मिळून जे दिसलं नाही ते एका बांधावर होतं.

हिराजीच्या बायकोने तांदळाची भाकरी आणि वालाच्या शेंगांची भाजी वाढली. मी मासळी खात नाही, हे हिराजीने आधीच सांगून ठेवलं होतं. तिने तरी एकदा विचारून पाहिलंच, “जरा सुकट? नाय? मंग जेवली काय नि नाय काय!” आमच्या ज्वारीच्या भाकरीला दात लागतात, ही भाकरी जिभेवर विरघळत होती. आजारानंतर मी पहिल्यांदा दुसरी भाकरी मागून घेतली.

जेवण झाल्यावर ओटीवर बसलो. समोरच्या शेतात वालाच्या रोपांमधून लाकडी खुंट्या ठोकलेल्या दिसत होत्या. ओळीने, दोरी लावून.

“त्या कसल्या?”

“प्लाट,” हिराजी म्हणाला. “भावान विकली. पुरल्या साली हितं चाल.” चाळ म्हणायची होती त्याला. “त्या बांधावरचा पांगाराबी जाईल, भेंडबी जाईल.”

“मग हे पक्षी?”

“बागेन येतील ना तुमच्या. मंग जातील कुठं?” असं म्हणून तो माझ्याकडे बघत राहिला. “म्हून तर तो कोपरा मी तोरत नाय, बाय.”

इतके दिवस मला वाटत होतं की हिराजीला झाडांची माया आहे. त्या दुपारी कळलं की त्याने एक जागा राखून ठेवली होती. गाव जाणार हे ठाऊक असलेला माणूस जसा नातेवाइकांकडे आधी एक खोली बघून ठेवतो, तशी. मी मनात ठरवलं की पक्क्या यादीत त्या कोपऱ्यावर एक सबंध पान लिहायचं, आणि समितीपुढे उभं राहून वाचायचं.

पुन्हा ठाणे

सोमवारची रात्रही डोंबिवलीला काढून मंगळवारी सकाळी मी आणि हिराजी बरोबरच ठाण्याला आलो. फाटकातून आत शिरताना समोर आकाश जास्त दिसलं. काय बदललंय ते क्षणभर कळेना. मग झोक्यांच्या मागे जमिनीवर आडवा पडलेला पांगारा दिसला.

बुंधा आदल्या दिवशीच कापला होता. फांद्या तोडून ढीग केला होता. एका फांदीवर, जमिनीलगत, लाल कळ्यांचा एक घोस फुटू लागला होता. माझ्या अंदाजापेक्षा झाड पुढे होतं.

हिराजी ओंडक्यापाशी गेला. त्याने मोठ्या ढोलीत हात घातला, खांद्यापर्यंत. हात बाहेर आला तेव्हा त्यात एक पिंगळा होता. मान लुळी. पोटाच्या पिसांना फुटलेल्या अंड्याचा बलक वाळून चिकटलेला. मादी असावी, उठलीच नसेल ती. दुसऱ्याचा पत्ता नव्हता.

“सोमवारीच कापला,” हिराजी म्हणाला. “मी नसताना.”

वाघाटीच्या जाळीखाली त्याने खुरप्याने खड्डा केला आणि मी तिला त्यात ठेवलं. हातात घेतल्यावर तिचं वजन जवळजवळ काहीच नव्हतं. मी तिथेच मातीत बसले.

वसंता दुपारी घरी आला. मी त्याला उभ्यानेच विचारलं, “कोणी सांगितलं झाड तोडायला?”

त्याचा चेहरा पडला. “आक्का, रविवारी सभा होती. तुझी यादी वाचली.”

“मग?”

“तूच लिहिलं होतंस ना, खोड आतून पोकळ आहे म्हणून? तेवढं वाचलं आणि रावसाहेब म्हणाले, खाली मुलांचे झोके आहेत, उद्या वाऱ्याने पडलं तर? सगळ्यांनी मान हलवली. ठरावात तुझंच वाक्य घातलंय.”

“पुढचं वाचलं नाही? सर्वांत महत्त्वाचा वृक्ष, असं लिहिलंय पुढे!”

“वाचलं मी. पण तोवर सगळे बोलायला लागले होते.” तो खाली बसला. “आणि खरं सांगू? मला कळलं होतं रावसाहेबांना काय हवंय ते. चार-चार दिवस झोपत नाहीत ते. मला त्यांच्यापुढे बोलवेना.”

कमल आतून म्हणाली, “आक्का, जेवून घ्या ना.” मला भूक नव्हती. मी वही काढून ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. खोटं एक अक्षरही नव्हतं. पण मी ते फळ्यावर लिहितात तसं लिहिलं होतं, ऐकणारी माणसं कोण आहेत आणि त्यांना काय हवंय याचा विचार न करता. पांगाऱ्याचं खोड मऊ असतं, तो पोकळ होऊनही वर्षानुवर्षं उभा राहतो, झोके चार हात सरकवले की काम भागतं, हे मला ठाऊक होतं. लिहिलं नव्हतं.

बुधवारी मी समितीपुढे गेले. या वेळी मी यादी वाचली नाही, बोलले. पंपामागच्या कोपऱ्यात काय राहतं ते सांगितलं, तिथे गुलाबांचे वाफे करायचा समितीचा विचार असल्याचं वसंताकडून कळलं होतं, तो सोडून द्या म्हटलं. कोपरच्या खुंट्यांचं सांगितलं. ऐकताना कुणी घड्याळ बघत होतं, कुणी पान लावत होतं. मी टेबलाला धरून बोलत राहिले. शेवटी एक सभासद म्हणाले, “बाई, पण तिथे साप येतील.”

आश्चर्य म्हणजे माझी बाजू रावसाहेबांनी घेतली. “राहू द्या तो तुकडा पावसाळ्यापर्यंत. मग बघू.” तेवढ्यावर ठराव झाला. पावसाळ्यापर्यंत. ऐकून हिराजी म्हणाला, “चार म्हयने. चला.” त्याने तोवर पांगाऱ्याच्या ढिगातल्या मनगटाएवढ्या फांद्या निवडून कोपऱ्याच्या कडेने रोवायला सुरुवात केली होती. पांगारा फांदीतून जगतो. मी विचारलं, ढोली होण्याजोगा कधी होईल? त्याने आपल्या पांढऱ्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढची फांदी उचलली.

सभा संपल्यावर रावसाहेब माझ्याजवळ आले. “बाई, माझा राग आला असेल. पण खरंच सांगतो, परवापासून मंडळींना झोप लागायला लागली. गाढ. चहाला या ना उद्या. तिलाही माणूस भेटलं तर बरं वाटेल.”

जायचं नव्हतं. पण गुरुवारी दुपारच्या गाडीने मला निघायचं होतं, आणि न जाऊन मी काय मिळवणार होते? सकाळी नऊला गेले.

काकू खिडकीपाशी पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. चेहरा सुकलेला, केस नीट विंचरून बांधलेले. ते केस कोणी विंचरले हे विचारायची गरज नव्हती. फणी रावसाहेबांच्या कोटाच्या खिशातून डोकावत होती. घरात दुसरं कोणी नव्हतं. ते स्वतः चहा करायला आत गेले.

खिडकीतून बुंध्याचा पांढरा काप दिसत होता. मी तिकडे बघणं टाळत होते.

“पक्ष्यांच्या बाई तुम्हीच ना?” काकूंनी विचारलं. “मी बघत होते तुम्हाला. त्या पंपाच्या खोलीशी बसून लिहायच्या. एकदा हसलात.”

मी हो म्हटलं.

“मग एक सांगा. दोघं होती ती. एकाने सुरू केलं की दुसरं लगेच उत्तर द्यायचं, तावातावाने, भांडल्यासारखं. पहिल्यांदा मी भ्यायले, खोटं कशाला बोलू? पण सहा महिने इथे पडून काय करायचं? मग त्यांचीच वाट बघायला लागले. तिन्हीसांज झाली की, आता येतील भांडायला.” त्या दम घ्यायला थांबल्या. “सोमवारपासून एकच ओरडतंय. रात्री हे झोपले की, आमच्या कौलांवर येऊन. ओरडतं आणि थांबतं, पुन्हा ओरडतं. दुसरं कुठे गेलं?”

आत कपबश्यांचा आवाज होत होता. त्यांचे डोळे माझ्यावरून हलले नाहीत. काहीतरी गोड सांगावं असं क्षणभर वाटलं: खाडीकडे गेलं असेल, येईल. पण त्या सबंध हिवाळा त्या झाडाकडे बघत पडल्या होत्या. माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक होतं.

“मेलं,” मी म्हटलं. “अंड्यांवर बसलेली मादी होती. झाड पडलं तेव्हा आतच होती.”

“वाटलंच मला,” त्या म्हणाल्या. खिडकीबाहेर पाहत राहिल्या. हात पांघरुणाच्या काठावर एकसारखा फिरत होता. मग माझ्याकडे वळून, अगदी हलक्या आवाजात, “ह्यांना सांगू नका हं. माझ्यासाठी केलं त्यांनी. मला झोप लागते असं त्यांना वाटतंय. मी आपली डोळे मिटून पडून राहते.”

रावसाहेब दोन्ही हातांत कप सांभाळत आले. “काय, जमल्या गप्पा?”

“जमल्या की,” काकू म्हणाल्या. त्यांनी कप घेतला, एक घोट प्यायल्या आणि त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, “चहा आज चांगला झालाय हो.”